टेहळ्याचा पिवळा दिवा

ज्या देशाच्या रानात एकही मुंगूस नाही, त्या देशात मिस्टर टॅलबट यांच्या तळ्यावर मुंगूस आला कुठून?

खरं तर हा प्रश्न केतकीला पडलाच नव्हता. तो पडला वन्यजीव खात्याच्या ऑफिसर वेबर यांना. गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो प्रश्न घेऊन त्या थेट केतकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

केतकीचं घर कॅनडातल्या एल्मब्रूक नावाच्या लहानशा गावात, अगदी ओढ्याच्या काठाला. घरात केतकी आणि आई. बाबा उत्तरेकडे पवनचक्क्यांवर कामाला असायचे, महिन्यातून एकदा यायचे. आणि गेल्या महिन्यापासून आबा. म्हणजे आईचे वडील (आई त्यांना अण्णा म्हणते), डॉक्टर श्रीधर आगाशे. ते औषध देणारे डॉक्टर नव्हेत हं, प्राण्यांचे शास्त्रज्ञ. सारा जन्म त्यांनी सह्याद्रीच्या रानात प्राणी मोजण्यात घालवला होता. गुहागरहून येताना त्यांनी बरोबर काय आणलं असेल? कुळथाचं पीठ, कोकमं, आणि टेहळ्या.

टेहळ्या हा आबांनी स्वतः बनवलेला यंत्रमानव. दिसायला घागरीएवढा, पोट सुटलेला, सहा बारीक पायांवर तुरुतुरु चालणारा. डोक्याच्या जागी एकच मोठा गोल डोळा आणि त्याच्या वर हिरवा दिवा. समोर प्राणी दिसला की दिवा लागायचा आणि टेहळ्या अगदी गंभीर आवाजात सांगायचा, "खार. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के." केतकीला त्याचं फार कौतुक. महिनाभरात तिने त्याच्याकडून बागेतल्या सगळ्यांची मराठी नावं शिकून घेतली होती. कुंपणावर पळणारी पट्ट्यांची ती खार. डोक्यावर तुरा असलेला तो बुलबुल. कचऱ्याच्या डब्यात हात घालणारं ते उदमांजर. आणि याच कौतुकाच्या भरात तिने टेहळ्याला गावाच्या प्राणिजाळ्याशी (गावातल्या सगळ्या बागांमधल्या यंत्रांना दिसलेले प्राणी एका ठिकाणी कळवणाऱ्या व्यवस्थेशी) जोडून टाकलं होतं.

तिथेच सगळा घोळ झाला.

"तुमच्या यंत्राने तीनदा कळवलंय," ऑफिसर वेबर म्हणाल्या. त्या बोलायच्या इंग्रजीत, पण त्यांच्या कोटावर लावलेला दुभाषी बिल्ला (एका भाषेतलं बोलणं लगेच दुसऱ्या भाषेत सांगणारं छोटं यंत्र) ते मराठीत सांगायचा. फक्त त्याचं मराठी मधूनच जुन्या सरकारी बातम्यांसारखं व्हायचं. "सदर तळ्यानजीक मुंगूस आढळून आला आहे. खात्री चौऱ्याण्णव टक्के. सदर प्राणी या देशात आणण्यास सक्त मनाई आहे."

"म्हणजे?" आईने विचारलं. तिचे हात मोदकाच्या उकडीने माखलेले होते.

"परका शिकारी प्राणी नव्या रानात सुटला, की तिथले पक्षी, बेडूक, अंडी, सगळं फस्त करू शकतो. इथल्या प्राण्यांना त्याच्यापासून लपायचं कसं ते ठाऊकच नसतं." ऑफिसरबाईंनी आबांकडे पाहिलं. "आपण गेल्या महिन्यात भारतातून आलात. आपण सदर प्राणी सामानातून आणला आहे काय?"

"छे! काहीतरीच काय!" आबा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी उजवा हात पटकन पाठीमागे नेला.

ऑफिसरबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हाताला काय झालं?"

"काटा लागला. ओढ्याकडे झुडपं आहेत ना."

हातावर लांबलचक ओरखडे होते. कुंपणापलीकडे शेजारचे मिस्टर टॅलबट हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी गेल्या उन्हाळ्यात हौसेने तळं खणलं होतं, त्यात केशरी मासे सोडले होते, आणि आता रोज एकेक मासा नाहीसा होत होता. त्यांनी नुसतं "हं" केलं. पण त्या एका "हं"मध्ये बरंच काही होतं.

"मी परवा सकाळी येते," ऑफिसर वेबर म्हणाल्या. "तोवर तो प्राणी कुठून आला ते कळलं नाही, तर चौकशी होईल. चौकशीत तुम्ही दोषी ठरलात, तर तुम्हाला परत जावं लागेल. आणि पुन्हा या देशात येता येणार नाही."

त्या गेल्या. आई दारातच उभी राहिली. हातावरची उकड वाळून पांढरी झाली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

आता केतकीचं काय झालं, ते ऐका. आबांनी मुंगूस आणला नसणार, याची तिला खात्री होती. चौऱ्याण्णव नव्हे, शंभर टक्के. पण खात्रीलासुद्धा वाळवी लागते. संध्याकाळपर्यंत तिला एकेक गोष्ट आठवायला लागली.

पहिली गोष्ट, बंड्या. आबांनी लहानपणी गुहागरला मुंगूस पाळला होता, त्याचं नाव बंड्या. बंड्या खिशात झोपायचा, बंड्या आबांच्या मास्तरांच्या टोपीत शिरला होता, बंड्याने शेजारच्या काकूंची दुधाची पातेली पाडली होती. आबा रोज जेवताना बंड्याची एक तरी गोष्ट सांगायचे. इतका जीव!

दुसरी गोष्ट, आबा हल्ली सकाळी लवकर उठून मागच्या खोपटाकडे जायचे. काखेत एक लांबट लाकडी खोकं असायचं. केतकी दिसली, की ते खोकं घाईघाईने शालीखाली जायचं.

तिसरी, आईची सांडशी हरवली होती.

आणि चौथी? चौथी गोष्ट सगळ्यात वाईट. आबांच्या शालीला माशांचा वास येत होता. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आगाश्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही! बाजारात मासळीचं दुकान लागलं, की आबा रस्ता बदलायचे. त्या आबांच्या शालीला मासळीचा वास! मासे कोण खातं? मुंगूस खातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोपटामागे जाऊन दबा धरून बसली. आबा आले. हातात खोकं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खोकं झुडपात सरकवलं.

"आबा!"

आबा इतके दचकले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "तू इथे काय करतेस गं?"

"तुम्ही काय करताय? त्या खोक्यात काय आहे?"

"काही नाही. रिकामं आहे."

"मग झाकून का आणलं?"

आबांनी चष्मा नीट केला. बराच वेळ काचा पुसल्या. "केतकी, मला एक दिवस दे. मला एका गोष्टीचा संशय आहे, पण खात्री नाही. आणि खात्री नसताना बोलायची मला सवय नाही."

"ऑफिसरबाई उद्याच येणारेत! तुम्हाला परत पाठवतील!"

"ठाऊक आहे मला," आबा म्हणाले आणि घराकडे चालू लागले. पाठमोरे आबा तिला एकदम म्हातारे दिसले.

दुपारी आई उद्याच्या गौरीची तयारी करत होती. केतकी मागच्या पायरीवर बसली. हातात मोदक होता, पण खावासा वाटत नव्हता. समोर टेहळ्या उभा होता, नेहमीसारखा निवांत.

"सगळं तुझ्यामुळे झालं," केतकी त्याला म्हणाली.

"मी जे पाहिलं ते सांगितलं."

"खोटं बोलत असशील."

"मला खोटं बोलता येत नाही. मुंगूस. खात्री चौऱ्याण्णव टक्के."

"तुला सगळंच येतं ना? एवढा शहाणा ना तू?" केतकीने रागाने मोदक त्याच्या डोळ्यासमोर धरला. "सांग मग, हे काय आहे?"

हिरवा दिवा लागला. "गोगलगाय," टेहळ्या गंभीरपणे म्हणाला. "खात्री एक्क्याण्णव टक्के."

केतकीने मोदकाकडे पाहिलं. टेहळ्याकडे पाहिलं. मग हळूच पायातली चप्पल काढून समोर धरली.

"घोरपड. खात्री त्र्याऐंशी टक्के."

तेवढ्यात न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून आई मागच्या दारी आली. टेहळ्याचा डोळा गर्रकन तिच्याकडे वळला.

"वानर. खात्री अठ्ठ्याहत्तर टक्के."

"काय म्हणाला हा?" आईने कमरेवर हात ठेवले. "अण्णा! अहो अण्णा! तुमच्या या बाहुल्याला आवरा, नाहीतर गौरीबरोबर ओढ्यात बुडवून येईन त्याला!"

केतकी हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं. कालपासूनचा सगळा संशय जागच्या जागी वळला आणि आबांवरून उठून दुसरीकडेच जाऊन बसला. ती तशीच, एक चप्पल पायात आणि एक हातात, खोपटाकडे धावली.

आबा झुडपाशी वाकले होते. एका हाताने नाक दाबलेलं, दुसऱ्या हातात आईची सांडशी, आणि सांडशीत माशाचं एक डोकं!

"आबा, टेहळ्या मोदकाला गोगलगाय म्हणाला! आईला वानर म्हणाला! त्याला 'माहीत नाही' म्हणताच येत नाही का?"

आबा सरळ झाले. मासा सांडशीतून खाली पडला. उलट्या घातलेल्या बादलीवर ते मटकन बसले.

"पुन्हा सांग बघू," ते म्हणाले. "मोदकाला किती टक्के?"

"एक्क्याण्णव."

"अरे देवा!" आबांनी कपाळाला हात लावला आणि मग हसायलाच लागले. "मी पंधरवडाभर हा संशय उरात घेऊन फिरतोय, आणि तू एका मोदकात काम केलंस!"

"म्हणजे तुम्हालाही संशय होता?"

"होता. पण टेहळ्या म्हणजे माझं आयुष्यभराचं काम, गं. त्याच्यावर संशय घ्यायला मन धजेना. बस इथे, सांगतो." त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली. "टेहळ्याच्या डोक्यात एक न्यूरल जाळं आहे (आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात ना, तशी जोडलेली गणितं). मी त्याला सह्याद्रीतल्या प्राण्यांची हजारो चित्रं दाखवली. ही खार, ही घोरपड, हा मुंगूस. चित्रं पाहून पाहून त्याने खुणा हेरल्या. कुणाचं शेपूट कसं, कुणाचं अंग किती लांब. कळलं?"

"हो."

"आता समज, त्याच्याकडे शंभर लाडू आहेत. नवा प्राणी दिसला, की त्याने ते शंभर लाडू ओळखीच्या प्राण्यांमध्ये वाटायचे. समोरचा प्राणी ज्याच्यासारखा जास्त दिसेल, त्याला जास्त लाडू. ज्याला सगळ्यात जास्त, त्याचं नाव घ्यायचं. त्या लाडवांनाच तो 'खात्री' म्हणतो."

"मग समोर भलतंच कुणी आलं तर?"

"तिथेच तर ग्यानबाची मेख आहे! मी त्याला सांगून ठेवलंय, शंभरच्या शंभर लाडू वाटायचेच. डब्यात एकही उरवायचा नाही. त्याच्या ओळखीत मोदक नाही. मग मोदकाच्या कळ्या पाहून तो म्हणतो, त्यातल्या त्यात गोगलगाय बरी. आणि सगळे लाडू गोगलगाईच्या पदरात!"

केतकी विचार करत राहिली. "म्हणजे चौऱ्याण्णव टक्के याचा अर्थ 'हा मुंगूस आहेच' असा नाही. 'मला माहीत असलेल्यांमध्ये हा सगळ्यात जास्त मुंगसासारखा' असा आहे."

आबांनी तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तिच्या हातातली चप्पल उडाली. "सह्याद्रीत हे चाललं, कारण तिथले सगळे प्राणी मी शिकवले होते. आणि माणूस मी त्याला शिकवलाच नव्हता, रानात कुठे माणूस मोजायचा असतो? समोर माणसाचा चेहरा आला की सोडून दे, एवढंच सांगितलं होतं; पंचा गुंडाळलेला चेहरा त्याला कळलाच नाही. इथे मात्र सगळंच वेगळं!"

"मग आपली खार?"

"तू सांग. आपल्या गुहागरच्या खारीचे पट्टे कुठे असतात?"

"पाठीवर."

"आणि इथलीचे?"

केतकीने डोळे मिटून आठवलं. "पाठीवर, आणि गालावरपण! आणि ती गालात दाणे भरून बिळात नेते."

"तिला इथे चिपमंक म्हणतात, ते मला परवा कळलं. तुऱ्याचा बुलबुल?"

"तो सगळाच्या सगळा लाल आहे. आणि चोच जाड आहे, बी फोडायला असते तशी."

"कार्डिनल. आणि तुझं उदमांजर? डोळ्यांवर काळा बुरखा, शेपटीला कडी. तो रकून. नारिंगी छातीच्या ज्या पक्ष्याला टेहळ्या कस्तूर म्हणतो, तो इथला रॉबिन. तिथे मात्र तो अगदीच चुकला नाही हं. दोघे एकाच घराण्यातले आहेत."

एक महिना आपण सगळ्यांना चुकीच्या नावांनी हाका मारत होतो, हे ऐकून केतकीला कसंतरीच झालं. पण आत्ता त्याला वेळ नव्हता. "आणि मुंगूस? तो कोण आहे?"

"अनोळखी प्राणी दिसला, की चार प्रश्न विचारायचे, आकार कोणासारखा, खुणा कुठे, राहतो कुठे, चालतो कसा. तेच शोधायला हे खोकं." आबांनी झुडपातून खोकं ओढलं. दोन्ही बाजूंनी उघडं, बोगद्यासारखं. "आत माशाचं डोकं ठेवायचं. प्राणी आतून गेला, की खालच्या कागदावर पावलं उमटायला हवीत. मी काजळी लावून पाहिली, पण दवाने सगळा चिखल होतो. वर ओरखडे मिळाले ते वेगळेच."

"आणि आईची सांडशी!"

"हळू बोल. तुझ्या आईला कळलं तर मला परत पाठवायला ऑफिसरबाई लागणार नाहीत."

केतकीने खोक्यात डोकावून पाहिलं. कोरडी, बारीक, पांढरी अशी काहीतरी वस्तू हवी होती, जिच्यावर हलकंसं बोटसुद्धा उमटेल. तिला एकदम आठवलं, सकाळपासून आई देवघरासमोर काय पसरून बसली होती ते.

"आबा, रांगोळी!"

आईने रांगोळीचा डबा दिला, पण पिठाची चाळणी मागितल्यावर मात्र डोळे वटारले. शेवटी जुनी फुटकी गाळणी मिळाली. संध्याकाळी दोघांनी मिळून खोक्याच्या तळाशी काळी फळी बसवली, तिच्यावर सायीसारखा पातळ रांगोळीचा थर चाळला आणि आत माशाचं डोकं सरकवलं. (सांडशी नंतर आबांनी गुपचूप नवी आणली, हे आईला अजून माहीत नाही.)

मग आबा टेहळ्याला घेऊन बसले. त्याच्या पोटाचं झाकण उघडलं. "आता त्याला एक रिकामा डबा देऊ," ते म्हणाले. "समोरचा प्राणी ओळखीच्या सगळ्यांपासून फार लांब वाटला, तर लाडू वाटायचे नाहीत, डब्यात ठेवायचे. याला उंबरठा म्हणतात (जिच्या अलीकडे उत्तर द्यायचं नाही अशी ठरवलेली हद्द). आणि मग म्हणायचं, मला माहीत नाही."

"आणि दिवा?"

"हिरव्याशेजारी पिवळा बसवतो. माहीत नसलं, की तो लागेल."

आता त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. आगाश्यांकडे गौर खड्यांची, आणि आईने तीच रीत इथेही ठेवली होती. नदीवर किंवा ओढ्यावर जायचं, स्वच्छ खडे निवडायचे आणि ताम्हनात घेऊन घरी यायचं. घरातून निघाल्यापासून गौर जागेवर बसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. परतताना मागे वळूनही पाहायचं नाही. आई तिच्या आईबरोबर जायची, आता केतकी आईबरोबर जाते.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दोघी ओढ्याकडे निघाल्या. आबा टेहळ्याचा आवाज बंद करून त्याला घेऊन खोपटाशी उभे राहिले. आणि नेमक्या त्याच वेळी ऑफिसर वेबर आल्या. मागे मिस्टर टॅलबट, हाताची घडी तशीच.

"सुप्रभात," ऑफिसरबाईंचा बिल्ला खणखणीत आवाजात म्हणाला, "सदर चौकशीसंदर्भात..."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं. आईने ठेवलं. केतकीनेही ठेवलं. ऑफिसरबाई गोंधळल्या. त्यांनी एकदा नऊवारी नेसलेल्या आईकडे पाहिलं, एकदा ताम्हनाकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, बिल्ला बंद करून टाकला. डोळ्यांतला संशय मात्र चालूच होता.

आई पाण्यात वाकली. केतकी काठावर बसून खडे पाहू लागली. इतकी माणसं आणि एवढी शांतता! ओढ्याचं पाणी तेवढं बोलत होतं.

आणि मग मिस्टर टॅलबट यांच्या तळ्याकडून काहीतरी काळपट आलं.

लांब, लवचीक, काठावरून उड्या मारत. तोंडात केशरी मासा. केतकीच्या ओठांवर शब्द येऊन थांबला. तिने ओठ घट्ट मिटले. मनातल्या मनात आबांचे कालचे चार प्रश्न ती विचारू लागली.

आकार कोणासारखा? मुंगसासारखा. अगदी तसाच लांब. म्हणूनच तर फसगत झाली.

खुणा कुठे? बंड्याचा रंग राखाडी होता, मीठमिरी मिसळल्यासारखा. हा तर गडद तपकिरी, ओल्या चॉकलेटसारखा चकचकीत. आणि हनुवटीखाली, अरे, पांढरा ठिपका! भात खाऊन तोंड न पुसल्यासारखा.

राहतो कुठे? याचं उत्तर त्यानेच दिलं. मासा काठावर ठेवून तो पाण्यात घुसला, पार बुडाला आणि पलीकडे बाहेर आला. आबांच्या बंड्याला तर आंघोळ घालताना चौघे लागायचे.

चालतो कसा? तो धावत नव्हता. पाठीची कमान करून दोन-दोन पावलं जोडीने टाकत उड्या मारत होता. उड्या मारतच तो खोक्यापाशी आला, वास घेतला, आत शिरला, दुसऱ्या बाजूने माशाचं डोकं घेऊन बाहेर पडला.

केतकीने खोपटाकडे पाहिलं. टेहळ्याचा डोळा त्या प्राण्यावर खिळला होता. हिरवा दिवा एकदा लुकलुकला. हिरवा लागला की संपलं! हिरवा पुन्हा लुकलुकला, आणि विझला.

मग हळूहळू पिवळा दिवा लागला.

पहिल्यांदाच टेहळ्या म्हणत होता, मला माहीत नाही.

ऑफिसर वेबर यांनी तोंडावर हात ठेवला होता. खांदे हलत होते. त्या हसत होत्या!

तेवढ्यात आईने केतकीच्या खांद्याला हात लावला. खडे निवडून झाले होते, निघायचं होतं. आणि परतताना मागे वळून पाहायचं नाही! पाठीमागे तो प्राणी होता, फळीवरची पावलं होती, ऑफिसरबाई आबांना काय करतात ते होतं. आणि केतकीला नाकासमोर बघत, ताम्हनाला हात लावून, पावलापावलाने घरी जायचं होतं. इतकी लांब वाट तिने आयुष्यात चालली नव्हती.

दारात आईने पायांवर पाणी घेतलं. दोघी आत आल्या, हळदीकुंकवाच्या पावलांवरून. खडे पाटावर बसले. आईने मान हलवली. झालं.

"तो मुंगूस नाही!" केतकीने किंचाळूनच सांगितलं.

"नाहीच मुळी," दारातून ऑफिसरबाई इंग्रजीतच म्हणाल्या. त्यांच्या हातात ती काळी फळी होती आणि आबा शेजारी उभे होते, हसत. "हा मिंक. इथलाच. तुमच्याकडच्या पाणमांजराच्या कुळातला." रांगोळीवर पाच-पाच बोटांची पावलं उमटली होती, जोडीजोडीने, जशी नुकतीच कुणी कोरून काढावीत. "पहा, जोड्या. याच्या कुळातले असेच उड्या मारत जातात. एवढे सुंदर ठसे मी आजवर पाहिले नव्हते. ही पांढरी पूड कुठे मिळते?"

"म्हणजे हा माझे मासे खाणारा चोर इथलाच?" मिस्टर टॅलबट यांनी विचारलं.

"तळं तुम्ही गेल्या उन्हाळ्यात खणलंत. मिंक या ओढ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तळाशी रुंद नळ्या टाका, माशांना लपायला. वर जाळी लावा."

मिस्टर टॅलबट यांनी घडी सोडली. आबांसमोर हात पुढे केला. आबांनी तो धरला, ओरखड्यांसकट.

ऑफिसरबाईंनी बिल्ला चालू केला. बिल्ला खाकरल्यासारखा वाजला. "सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. डॉक्टर आगाशे यांना येथे राहण्यास कोणतीही हरकत नाही. तथापि, सदर यंत्राने मागील आठवड्यात एल्मब्रूक येथे बुलबुल पाहिल्याचे कळवले होते. आम्हास ती भाषांतराची चूक वाटली."

हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं आणि सगळ्यांना घावन-घाटलं वाढायला घेतलं.

केतकी आबांजवळ सरकली. "आबा, मी तुमच्यावरच संशय घेतला होता."

"कळलं होतं मला. खोपटामागे तुझी वेणी दिसत होती."

"राग आला?"

"थोडा. पण तू संशय घेऊन बसली नाहीस, तपासून पाहिलंस. मी मात्र पंधरा दिवस नुसता घेऊन बसलो." आबांनी तिच्या पानात आणखी एक घावन टाकलं. "उद्यापासून टेहळ्याला इथले प्राणी शिकवायचे. चित्रं तू काढायची. ऑफिसरबाई मदत करणार म्हणतायत."

टेहळ्या तुरुतुरु चालत पंगतीत आला. आबांनी त्याचा आवाज पुन्हा चालू केला. त्याने पांढऱ्याशुभ्र, जाळीदार घावनाकडे बराच वेळ पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकलाही नाही. पिवळा लागला.

"मला माहीत नाही," टेहळ्या म्हणाला. थोडं थांबून त्याने आपला एकुलता एक डोळा केतकीकडे वळवला. "हे कोण आहे? सांगशील?"